गळाला, जाळ्यात किंवा शेततळ्यात परका मासा सापडला तर नेमकं काय करायचं

उजनीवर गळ टाकणारे, गावच्या पाझर तलावात जाळं लावणारे, शेततळ्यात रोहू-कटला पाळणारे आणि घरात फिशटँक ठेवणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. कारण परके मासे पसरतात ते बहुतेक वेळा या चौघांच्या हातून, आणि थांबले तर तेही यांच्याच हातून थांबणार आहेत, कुठलं डिपार्टमेंट येऊन नदीतून मासे वेचून काढणार नाहीये.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. बंद पाणी आणि वाहतं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाकी, विहीर, शेततळं, छोटा खाणीचा डबरा इथून मासा पूर्ण काढता येतो, मेहनत लागते पण होतं. नदीत, धरणात, कॅनॉलमध्ये एकदा त्याची वीण सुरू झाली की तो तिथलाच झाला, मग फक्त कमी करत राहायचं. म्हणून सगळी ताकद लावायची ती आधी, म्हणजे मासा वाहत्या पाण्यात पोचायच्या आत, किंवा पहिले दोन-चार दिसले तेव्हाच.

आणि बाहेरून आलेला प्रत्येक मासा उपद्रवी असतो असं पण नाही. गवत्या (ग्रास कार्प) आपल्याकडच्या तळ्यांत सोडतात, तो पाणवनस्पती खातो, साठलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाही, त्यामुळे हिशोबात राहतो. पण चंदेरा (सिल्व्हर कार्प) सुद्धा असाच आणलेला, आणि हिमाचलच्या गोविंदसागर धरणात तो १९७१ च्या सुमारास फार्ममधून पुरात सुटून गेला, तिथे त्याची वीण जमली आणि काही वर्षांत तिथला कटला मागे पडून जाळ्यात चंदेराच जास्त यायला लागला. म्हणजे "हा निरुपद्रवी आहे" हे त्या त्या पाण्यापुरतंच खरं असतं, दुसऱ्या पाण्यात तोच मासा काय करेल ते सांगता येत नाही.

मासा हातात आला की

पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. ओळख पटत नसेल तर परत सोडू नका आणि लगेच मारूही नका. बादलीत पाणी घेऊन त्यात ठेवा, वर जाळी किंवा ओलं पोतं टाका कारण मांगूर उडी मारून गवतातून सरपटत जातो. मग फोटो काढा. मासा आडवा, डोकं डावीकडे, शेजारी पट्टी किंवा पेन म्हणजे लांबी कळते. पाठीवरचा पर बोटांनी उघडून एक फोटो, शेपटीचा एक, तोंड खालून एक, आणि पोटाखालचा मागचा पर एक. लोक मासा हातात उचलून सेल्फी काढतात आणि मग विचारतात हा कोणता, त्या फोटोत बघायचं तेच दिसत नसतं. तारीख, जागा (मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा), कशाने पकडला, पाणी किती खोल, हे तिथेच टाईप करून ठेवा, घरी गेल्यावर विसरायला होतं.

आता ओळखायचं कसं ते.

चिलापी (तिलापिया) सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण छोटी चिलापी ओळखताना गडबड होते. पाठीवर एकच लांब पर, त्याचा पुढचा अर्धाअधिक भाग काटेरी, हाताला टोचतो. अंगावरची मधली रेघ सलग नसते, मध्येच तुटून खालच्या बाजूला परत सुरू होते. पिल्लांच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात काळा ठिपका असतो, ही खूण फार कामाची आहे, पुढे बीज तपासताना परत लागेल. शेपटीवर उभ्या पट्ट्या ठळक असतील तर ती नाईल चिलापी, नसतील तर बहुतेक जुनी मोझांबिक. दोघींचा संकरही होतो त्यामुळे यावर फार डोकं खाजवू नका, आपल्या कामाला दोन्ही सारख्याच.

कोकण-गोव्याच्या लोकांनी मात्र इथे थांबून नीट बघा. आपला काळुंद्र हा चिलापीच्याच कुळातला पण पक्का इथला मासा आहे, खाडीच्या मचूळ पाण्यात राहतो, अंगावर उभे पट्टे आणि चमकदार ठिपके. खात्रीची खूण म्हणजे पोटाखालचा मागचा पर. चिलापीला तिथे साधारण तीनच कडक काटे असतात, काळुंद्राला बारा-तेरा. मोजा आणि मगच ठरवा, काळुंद्राला चिलापी समजून काठावर फेकून देणं हे पाप आहे.

मांगूर. आफ्रिकन मांगूर ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात तो आणि आपला देशी मांगूर लहानपणी इतके सारखे दिसतात की फोटोवरून सांगणं जाणकारालाही कठीण जातं. पण देशी मांगूर सहसा फूट-दीड फुटाच्या पुढे जात नाही. तुमच्या हातात दोन-अडीच फुटी, रुंद चपट्या डोक्याचा, अंगावर राखाडी-काळे ढगाळ डाग असलेला मांगूर असेल तर तो आफ्रिकन समजा. शिंगीशी घोळ करू नका, शिंगीच्या पाठीवरचा पर अगदी छोटा असतो, मांगूरचा पाठभर लांब. आणि शिंगीचा काटा विषारी आहे, नुसत्या हाताने धरू नका.

सकर, म्हणजे फिशटँकची काच साफ करतो म्हणून दुकानात विकतात तो. हा ओळखायला सगळ्यात सोपा, अंगावर खवले नाहीत तर हाडांच्या कडक पट्ट्या, तोंड पूर्ण खाली, पाठीवर शिडासारखा मोठा पर, अंगभर डाग नाहीतर नागमोडी रेघा. ओढ्यातल्या आपल्या मळ्याचं तोंड पण खाली असतं आणि तो पण दगडाला चिकटतो, पण मळ्या बोटा-दोन बोटांचा आणि अंगाने मऊ खवल्यांचा. त्याला सोडून द्या, तो बिचारा स्वच्छ वाहत्या पाण्याचा मासा आहे.

रूपचंद पण आता सगळीकडे दिसतो, बाजारात पापलेट म्हणून गळ्यात मारतात. तोंड उघडून दात बघा, माणसाच्या दाढांसारखे चपटे दात दिसतील, आणि पाठीवरच्या पराच्या मागे शेपटीकडे एक छोटा मांसल पर असतो तो पापलेटला नसतो. हा दक्षिण अमेरिकेतला, पाळीव आहे, पुरात तळं फुटलं की नदीत जातो.

याशिवाय एखादा भलताच मासा, म्हणजे मगरीसारखं लांब तोंड वगैरे, तर तो अ‍ॅलिगेटर गार असू शकतो. अमेरिकेतला मासा, शौकीन लोक टँकमध्ये ठेवतात आणि मोठा झाला की सोडतात. २०२३ मध्ये तो काश्मीरच्या दल सरोवरात सापडला होता, आपल्याकडे सापडणार नाही असं समजायचं कारण नाही. त्याची गाभोळी विषारी असते, चुकूनही खाऊ नका.

मग पुढे काय

ओळख पटली की परका मासा परत पाण्यात जाता कामा नये. नदीत नाही, विहिरीत नाही, मित्राच्या शेततळ्यात तर अजिबातच नाही. डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, जाड काठीने एकच जोरात टोला आणि लगेच कल्ल्यांजवळ सुरीने कापा. तडफडत काठावर टाकून देऊ नका, त्याची यात काही चूक नाही, त्याला कोणीतरी इथे आणलंय. सकरसाठी तर हे जास्तच लागू, तो पोटातून हवा घेऊ शकतो आणि पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो, "मेला असेल" म्हणून टाकून दिलेला सकर पावसात परत ओढ्याला लागू शकतो.

चिलापी खायला चांगली आहे, खुशाल खा. इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे कारण शहरातले निसर्गप्रेमी लोक यात गोंधळ घालतात. उजनीवर भिगवणपासून इंदापूरपर्यंत कितीतरी भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबांचं पोट आज चिलापीवर चालतं, हायवेच्या धाब्यांवर तुम्ही जी फ्राय चिलापी खाता ती त्यांनीच रात्री जाळी लावून काढलेली. चिलापी पकडू नका असं त्यांना सांगणं चूक, उलट जेवढी निघेल तेवढी चांगलीच. प्रॉब्लेम फक्त जिवंत चिलापी नवीन पाण्यात नेण्याचा आहे.

छोटे मासे परत सोडायचे हा चांगला मच्छीमार पाळतो तो नियम देशी माशांसाठी आहे, चिलापीला लावू नका, बोटाएवढी आली तरी ठेवून घ्या. चिलापी काही महिन्यांतच, हाताच्या पंजाएवढी असतानाच अंड्यावर येते आणि वर्षातून अनेकदा वीण घालते. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिची पिल्लं इतर माशांपेक्षा जास्त वाचतात, आणि म्हणूनच ती जिथे जाते तिथे जिंकते. यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी की मादी जाळ्यात घाबरली की तोंडातली अंडी-पिल्लं थुंकते, ती तुमच्या बादलीत, होडीच्या तळात, जाळ्याच्या घडीत राहतात. मेलेल्या मादीच्या तोंडातली पिल्लं पण काही तास जगू शकतात. म्हणून एका तलावातलं बादलीचं पाणी दुसऱ्या तलावाच्या काठी ओतू नका, मासे साफ केलेली घाण पाण्यात टाकू नका, आणि जाळं दुसऱ्या पाण्यात लावायच्या आधी उन्हात कडकडीत वाळवा.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की उथळ भागात तळाशी वीत-दीड वीत रुंदीचे गोल खड्डे दिसतात, एकाला लागून एक, ती चिलापीच्या नरांची घरटी. ज्या तलावात चिलापी नाही असं तुम्हाला वाटतंय तिथे असे खड्डे दिसले तर समजा आली. फोटो काढा आणि पुढे सांगतो तसं कळवा.

चिलापीचा इतिहास बघितला तर वाईट वाटतं. १९५२ मध्ये भारतात आणली, स्वस्त प्रोटीन म्हणून, हेतू चांगलाच होता. सात वर्षांत, १९५९ मध्ये, सरकारच्याच मत्स्य संशोधन समितीने हिचा प्रसार थांबवा असं सांगितलं, पण तोवर ती तळ्यातळ्यांत पोचली होती. आज भीमेत लोळी, तांबीर, खवल्या कमी का झाल्या याला धरणं, सांडपाणी, वाळूउपसा अशी बरीच कारणं आहेत, सगळं चिलापीवर ढकलता येणार नाही, पण आधीच अर्धमेल्या झालेल्या नदीत हिला मोकळं रान मिळालं हे खरं.

आफ्रिकन मांगूर सापडला तर खाऊ नका, विकू नका. आफ्रिकन मांगूरच्या पालनावर आणि विक्रीवर देशात २००० पासून बंदी आहे, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर आपल्याकडे उजनीच्या आजूबाजूला आणि इतर ठिकाणी याची तळी उकरून मासे नष्ट केले गेले. तरी चोरून पाळतात, कारण हा कोंबडीची घाण, कत्तलखान्यातला टाकाऊ माल, काहीही खातो, हवेतून श्वास घेतो त्यामुळे गटाराच्या पाण्यातही वाढतो, खर्च जवळजवळ नाहीच. तोच मासा नदीत गेला की समोर येईल तो मासा, बेडूक खातो. तुमच्या भागात काळं घाण पाणी, प्रचंड वास, कोंबडीच्या पिसांची पोती आणि रात्री ये-जा करणारा टेम्पो असं तळं असेल तर तिथे जाऊन भांडू नका, जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्याकडे लेखी तक्रार द्या, एक कॉपी तहसीलदारांना, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

सकर खाऊन संपवण्यासारखा नाही, मांस कमी आणि कवच जास्त, शिवाय तो बहुतेक वेळा शहराच्या खालच्या घाण पाण्यातच सापडतो. त्याचा खरा त्रास मच्छीमारांना, परांचे कडक काटे तंगूसमध्ये (नायलॉनच्या जाळ्यात) असे अडकतात की जाळं कापावं लागतं. नर काठाच्या मातीत बिळं करतात, त्याने काठ ढासळतो. आंध्र-तेलंगणातल्या मत्स्यतळ्यांत, चेन्नई-कोलकात्याच्या पाणथळ जागांत हे सगळं झालेलं आहे. जाळ्यातून काढताना जाड हातमोजे घाला, आधी पाठीवरचा पर दाबून मिटवा मग मागून शेपटीकडून सोडवा, पुढून ओढलात तर काटे अजून रुततात. मारून खड्ड्यात पुरा, खत होतं.

फिशटँक असलेल्यांसाठी

सकर दुकानात दोन-अडीच इंचाचा असतो, पुढे दीड फुटापर्यंत वाढतो. दुकानदार हे सांगत नाही. मग एक दिवस तो टँकमध्ये वळू शकत नाही, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं बिचाऱ्याला नदीत सोडून या, पुण्य लागेल. यात पुण्य नाहीये. एक सकर सोडणं म्हणजे खालच्या गावच्या मच्छीमाराचं जाळं फाडणं आहे. देवळाच्या कुंडात सोडणं पण तेच, पावसाळ्यात कुंड भरून वाहतं. आणि महाडजवळचा वाळण कोंड किंवा देहू-आळंदीची इंद्रायणी, जिथे लोकांनी श्रद्धेने महाशीर राखलेत, तिथे तर घरचा मासा, कासव, काहीही घेऊन जाऊ नका. कुरमुरे पण कमीच टाका खरं तर.

नको झालेला मासा आधी दुकानात परत द्यायचा प्रयत्न करा, बरेच जण फुकट घेतात. अ‍ॅक्वेरियमवाल्यांचे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक ग्रुप असतात तिथे "फ्री, घेऊन जा" टाका, मोठा टँक असलेला कोणीतरी भेटतो. काहीच नाही जमलं तर शेवटचा उपाय लवंग तेल. दहा लिटर पाण्याला साधारण चार मिली. तेल नुसतं ओतलं तर वर तरंगतं म्हणून आधी बाटलीत कोमट पाणी घेऊन तेल टाकून जोरात हलवा, दुधाळ झालं की हळूहळू बादलीत मिसळा. मासा आधी सुस्त होतो मग बेशुद्ध. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावर पण निदान अर्धा तास तसाच राहू द्या, सकर आणि मांगूरला त्याहून बराच जास्त वेळ. नंतर कुंडीत पुरा. टॉयलेटमध्ये फ्लश करू नका. टँकचं पाणी झाडांना घाला, ओढ्यात नको, त्यात गोगलगायींची अंडी आणि पाणवनस्पतींचे तुकडे असतात.

शेततळ्यात घुसला असेल तर

इथे जरा सविस्तर लिहितो कारण राज्यभर शेततळी झालीत, बऱ्याच लोकांनी त्यात मासे टाकलेत, आणि सहा महिन्यांनी रोहू-कटला सोडून चिलापीचाच लोंढा निघाला ही तक्रार सारखी कानावर येते.

चिलापी बहुतेक वेळा बीजाबरोबरच, म्हणजे विकत आणलेल्या पिल्लांबरोबरच येते. त्यामुळे बीज घेतानाच तपासा. पिशवीतलं थोडं बीज पांढऱ्या टबात ओता आणि शांतपणे बघा. रोहू, कटला, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) लांबट आणि मऊ परांची असते, चिलापीचं पिल्लू उंचट, पाठीवर सुरुवातीपासून काटेरी पर, मागे तो काळा ठिपका. मुठीत घेतलं की टोचतं. एक जरी सापडलं तरी पूर्ण पिशवी परत करा, एक निवडून फेकून बाकीचं सोडलं असं करू नका कारण जे दिसलं नाही ते राहिलंच. अगदी बारीक जिऱ्याच्या वयात, म्हणजे बोटुकलीच्या आधी, हे ओळखता येत नाही, म्हणून बोटुकलीच घ्या, महाग पडली तरी.

आणि सांडव्याचा बंदोबस्त. पावसाळ्याच्या आधी तळ्यातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला बारीक नायलॉन जाळी, आणि तिच्या पुढे, तळ्याच्या बाजूला, हातभर अंतरावर मोठ्या भोकांची जाळी लावा, म्हणजे पालापाचोळा पुढच्या जाळीत अडकतो आणि मागची तुंबत नाही. एकच बारीक जाळी लावली तर पहिल्या जोरदार पावसात तुंबते, पाणी वरून जातं आणि मासेही जातात. केरळमध्ये २०१८ च्या पुरात असेच पाळलेले परके मासे बाहेर पडले, चालकुडी नदीत अरापायमा सापडला, अ‍ॅमेझॉनमधला माणसाएवढा मासा.

आत आधीच झाली असेल तर उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, काम करा. आधी ओढजाळं फिरवून चांगले मासे काढून विका. मग पंपाने पाणी उपसा, सक्शनला जाळी बांधून, आणि उपसलेलं पाणी शेतात सोडा, ओढ्यात नाही. प्लॅस्टिक अंथरलेलं तळं पूर्ण कोरडं करता आलं तर उत्तम, आठ-दहा दिवस कडक ऊन लागू द्या, काम झालं. मातीचं तळं असेल तर चिखलात मांगूर तग धरून राहतो, तिथे चिखल फावड्याने उलटापालटा करून चुना मारा आणि तडे जाईपर्यंत वाळवा.

पूर्ण कोरडं होत नसेल तर मोहाची पेंड, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा, तो माशांना विषारी असतो. पाणी जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवा, कारण पेंड पाण्याच्या हिशोबात लागते. एक गुंठा तळं आणि त्यात मीटरभर पाणी असेल तर साधारण २५ किलो, अर्धा मीटर असेल तर निम्मी. पेंड रात्रभर भिजवून सकाळी सगळीकडे सारखी फेका, कोपरे आणि कडा विसरू नका. काही तासांत मासे वर येतात, तेव्हा जाळं फिरवून काढून घ्या. असे निघालेले मासे ताजे असताना खाता येतात. पेंडीचा असर पंधरा-वीस दिवस राहतो, तोवर नवीन बीज टाकू नका, जनावरांना त्या पाण्यावर जाऊ देऊ नका. तीन आठवड्यांनी छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात चार-सहा बोटुकली एक दिवस ठेवून बघा, जगली तर मग सगळं बीज सोडा. नंतर तीच पेंड कुजून खत होते त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

हे फक्त स्वतःच्या, पूर्ण बंद, पाणी बाहेर न जाणाऱ्या तळ्यात. ओढा, नदी, गावतळं, केटीवेअर (कोल्हापुरी बंधारा) यात पेंड किंवा ब्लीचिंग किंवा काहीही टाकणं हा गुन्हा आहे, आणि परक्याआधी देशीच मरतात.

पाझर तलाव सोसायटीकडे ठेक्यावर असेल तर तिथे विष नाही पण एक उपाय करता येतो. मरळ, शिवडा यांसारख्या त्याच खोऱ्यातल्या शिकारी माशांना दोन-तीन वर्षं पकडायचं थांबवायचं किंवा कमी करायचं, ते चिलापीची पिल्लं खातात. चिलापी यामुळे संपत नाही, पण वचक बसतो. यासाठी बाहेरून काही आणून सोडायची गरज नाही, आहेत ते राखा.

गप्पी मासे

हिवताप विभाग डासांसाठी गप्पी मासे वाटतो, आणि गप्पीसारखाच डासांसाठी वापरतात तो गंबुशिया तर १९२८ मध्ये मुद्दाम इटलीतून भारतात आणला. घरच्या हौदात, बंद टाकीत गप्पी ठेवायला माझी हरकत नाही. पण शाळेची मुलं घेऊन ओढ्यात, डबक्यात गप्पी सोडायचे कार्यक्रम होतात, बॅनर लागतात, ते थांबवा प्लीज. गंबुशिया डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी, टॅडपोल, देशी माशांची अंडी पण खातो, आणि तेच बेडूक मोठे होऊन डास खाणार होते. आपल्या ओढ्यांत, भाताच्या खाचरांत पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारा, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला छोटा देशी मासा असतो, तो डासांच्या अळ्या आवडीने खातो. कार्यक्रम करायचाच असेल तर तो त्याच ओढ्यात आहे का ते मुलांना शोधायला लावा.

कळवायचं कुठे

आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका, दोन्हीकडे जाणकार लोक ओळख सांगतात आणि ती नोंद कायमची राहते. नवीनच काही वाटलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणचं पश्चिम विभागाचं ऑफिस पुण्यात आकुर्डीला आहे आणि मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था मुंबईत वर्सोव्याला, त्यांना फोटोसकट ईमेल करा. मासा जिवंत घेऊन जाऊ नका, फ्रीजरमध्ये ठेवा, मागितला तर द्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात परक्या उपद्रवी प्रजातींचा वेगळा उल्लेख आलाय आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणं यावर नियम करायचा अधिकार केंद्राला मिळालाय, त्यामुळे अशा नोंदींना आता पूर्वीपेक्षा वजन आहे.

आणि गावपातळीवर सगळ्यात कमी वापरलेली गोष्ट म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे ही नोंदवही. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते. ग्रामसभेत मागा, त्यात माशांचं पान उघडा आणि गावातल्या म्हाताऱ्या मच्छीमारांना बसवून लिहून घ्या, तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणते मासे यायचे, कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, आता कोणते येतात, चिलापी पहिल्यांदा कधी दिसली. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवले ते १८३९ मध्ये छापून आले. ती जुनी यादी हाताशी आहे, तुमच्या गावाची आजची यादी मात्र कोणाकडेच नाही, आणि आधी काय होतं हे माहीत नसेल तर काय गेलं ते कसं कळणार.

एक शेवटचं, देशी मासे सोडणाऱ्यांसाठी. नदी वाचवा म्हणून हल्ली महाशीरची पिल्लं आणून कुठल्याही नदीत सोडायची पद्धत पडलीये. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवलेली आपल्याकडची महाशीर १९७०-८० च्या दशकांत कावेरीत सोडली गेली, मनापासून, मासा वाचावा म्हणूनच. पण कावेरीची स्वतःची महाशीर वेगळी आहे, पाठीवर कुबड असलेली, जगात दुसरीकडे कुठे नाही. आपली महाशीर तिथे वाढली आणि ती कुबडवाली इतकी कमी झाली की २०१८ मध्ये ती नामशेष व्हायच्या अगदी जवळ आहे असं जाहीर झालं. धरणं, डायनामाईट हे पण होतंच, पण पाहुणी महाशीर हे मोठं कारण मानलं जातं. त्यामुळे बीज सोडायचं असेल तर ते त्याच नदीच्या, त्याच खोऱ्यातल्या माशांपासून तयार केलंय का हे लेखी विचारा, कृष्णेचं गोदावरीत नको, गोदावरीचं कोकणात नको, आणि उत्तर मिळालं नाही तर सोडू नका.